पोचलं का, ते सांगा

सेल्सा नोब्लेझाचं दुकान नगरपालिकेच्या समोर, बेकरीला चिकटून आहे. तीन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि भिंतीवर येशूचं कॅलेंडर. बाहेर पाटी आहे: टायपिंग, प्रिंट, स्कॅन, ईमेल. त्याखाली तिने स्वतः ब्रशने रंगवलेली ओळ आहे, ‘पोचल्याची खात्री’. गावातली तरुण मंडळी ती ओळ वाचून हसतात. मला हसू येत नाही. त्या ओळीपायी तिने अकरा दिवस काय सोसलं ते मी शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलंय, आणि आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. गाव मला मॅम म्हणतं. सेल्साला सगळे नांग म्हणतात, म्हणजे ताई. मी मात्र नुसतं सेल्सा म्हणते, कारण पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. दुकानात लोक येतात, त्यांची इंग्रजी पत्रं मी लिहून देते आणि ती सेल्सा पाठवते. आमच्या गावात दर तिसऱ्या घरातला मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे दोघींना काम कधी कमी पडलं नाही.

संगणकाच्या आधी सव्वीस वर्षं ती तारघरात होती. तार आली की ती स्वतः सायकलवर टांग टाकून निघायची आणि घरच्या माणसाची सही घेतल्याशिवाय हलायची नाही. दार बंद असलं तर शेतात जायची. एकदा बाजारात मासे विकणाऱ्या बाईने खवल्यांनी भरलेल्या हाताने सही केली होती, तो डाग शेवटपर्यंत वहीवर होता. मग तारघराला कुलूप लागलं. सेल्साने कोऱ्या पावत्यांचा एक गठ्ठा घरी आणला, हाँगकाँगच्या बहिणीने धाडलेले जुने संगणक मांडले आणि तेच काम नव्या यंत्रावर सुरू केलं. कोणी म्हणालं, “नांग, माझा मेल गेला का?” की ती चष्म्यावरून बघायची. “गेला का ते काय विचारतोस? पोचला का ते विचार. जायला काय, कुत्रं पण जातं.”

दोन हजार आठच्या ऑक्टोबरमध्ये इस्को शिंपी वारला. मशीनवर बसल्या बसल्या मान टाकली, पायाखालचं चाक तेवढं थोडा वेळ फिरत राहिलं. अख्ख्या गावाचे बारोंग त्याने शिवले. लग्नाला, पदवीला, बारशाला आमच्याकडचे पुरुष जो पांढरा, झिरझिरीत, भरतकामाचा सदरा घालतात, तो. स्वतःसाठी मात्र त्याने एकही शिवला नाही. त्याची बायको ओरांग, आमच्याच वर्गातली. एकुलता एक मुलगा रेनांते मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात. जहाज ब्राझीलहून लोखंडाची माती भरून निघालं होतं आणि पुढचे चाळीस दिवस कुठल्याही बंदराला लागणार नव्हतं.

त्या काळी जहाजावर पत्र पाठवायचं तर ते कंपनीच्या शहरातल्या कचेरीला ईमेल करायचं. ते लोक ते उपग्रहावरून दिवसातून दोनदा पुढे ढकलायचे. मी रेनांतेला बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ओरांगला मीच वाचून दाखवलं: “नानाय, इथे पाण्याशिवाय काही दिसत नाही. मला हे खरंच वाटत नाहीये. पुरण्याआधी एकदा ताताय दाखवा.”

आईबापांना आम्ही नानाय आणि ताताय म्हणतो. ओरांगने ऐकलं, मान हलवली आणि कपाट उघडलं. रेनांतेच्या पदवीचा बारोंग काढला. इस्कोने पोरासाठी महिनाभर खपून शिवलेला. ऐनवेळी एक शिंपल्याचं बटण हरवलं होतं, म्हणून तिसऱ्या काजाला ओरांगच्या लग्नाच्या चोळीचं बटण लावलं होतं. जरा मोठं, जरा पिवळं. तिने तोच बारोंग नवऱ्याला घातला.

“त्याला लिहू का, तुझा बारोंग घातलाय म्हणून?” मी विचारलं.

“लिहू नकोस,” ओरांग म्हणाली. “तो बघेल. बटण बघितलं की त्याला कळेल, बापाबरोबर तोही होता. ते होईस्तोवर मी कोणाला मातीत घालू देणार नाही.”

प्रेताला औषध भरणाऱ्या माणसाने बोटं मोजून सांगितलं, दहा दिवस, फार तर अकरा, त्यापुढे मी जबाबदार नाही. म्हणजे काय पणाला लागलंय ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीच्या त्या कचेरीलासुद्धा, कारण मी ते इंग्रजीत, स्वच्छ अक्षरांत, तीनदा कळवलं होतं.

आता आमच्या लोकांची खोड सांगते. मयताचा फोटो म्हणजे आमच्याकडे एकट्या मयताचा नसतोच. शवपेटी मध्ये आणि भोवती सगळं गणगोत, ओळीने, चेहरे कॅमेऱ्याकडे. परदेशातल्या माणसाला कळलं पाहिजे ना, कोण कोण आलं होतं. एक जरी सुटला तरी दोन पिढ्या अबोला. तिसऱ्या दिवशी इस्कोचा पुतण्या क्रिसांतो दुबईहून आला, गळ्यात नवा कोरा कॅमेरा. त्याने बेचाळीस माणसं उभी केली. पुढची रांग बसलेली, मागची बाकावर चढलेली, आणि इस्को मध्ये पेटीच्या काचेखाली, अंगठ्याएवढा.

“बारा मेगापिक्सेल आहे, नांग,” क्रिसांतो दुकानात येऊन म्हणाला. “इथे कोणाकडे नसेल.”

“असू दे. तुझं पिक्सेल आमच्या तारेतून मावेल का ते बघू.”

नाहीच मावलं. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि अर्ध्या तासाने लाल अक्षरं आली. सेल्साने फोटो निम्मा केला आणि पुन्हा पाठवला. या वेळी गेला. कचेरीत फोन लावला. तिथे जिझेल नावाची एक मुलगी होती, आवाज इतका गोड की साखर खावी लागू नये.

“आलाय, मॅम. पुढे पाठवलाय.”

“उघडून बघितलास का, बाळा?”

“हो, उघडतो, मॅम. खूप छान फोटो आहे.”

छान! मयताचा फोटो छान! मी दात आवळले. दुसऱ्या दिवशी जहाजावरून उत्तर: “पत्र मिळालं. फोटो कुठे आहे?”

पुन्हा पाठवला. पुन्हा तोच गोड आवाज: “आमच्याकडून गेलंय, मॅम.” पुन्हा जहाजावरून: “फोटो नाही.” क्रिसांतो म्हणाला, संगणक जुना आहे. बेकरीवाला म्हणाला, व्हायरस आहे. रेनांतेची आत्या म्हणाली, इस्कोला जायचंच नाहीये. आणि जिझेलने चौथ्या फोनला सांगितलं, “मॅम, तुमच्या बाजूने काहीतरी प्रॉब्लेम असेल. परत ट्राय करा.”

सेल्साने फोन ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“माझ्या बाजूने,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षांत माझ्या बाजूने एक तार हरवली नाही.”

मग ती शांतपणे कामाला लागली. चिडलेली माणसं आरडाओरडा करतात, सेल्सा चिडली की वही काढते. तिने तो फोटो स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवला. आला. हाँगकाँगच्या बहिणीला पाठवला आणि तिला फोन करून विचारलं. तिलाही आला. वहीत लिहिलं: इथून ठीक. कचेरीत उघडतो म्हणजे तिथपर्यंत ठीक. घोळ कचेरी आणि जहाज यांच्या मध्ये. हे सगळं तिने त्या मुलीला समजावून सांगितलं.

“आमच्याकडून गेलंय, मॅम.”

“गेलंय ते मला माहीत आहे! पोचत नाहीये. मध्ये काही गाळतात का, वजनाचा काही नियम आहे का, कोणाला तरी विचार की गं.”

“सर मीटिंगमध्ये आहेत, मॅम.”

सर तीन दिवस मीटिंगमध्ये होते. इकडे इस्कोच्या घरी रोज पत्ते, रोज कॉफी, रोज बिस्किटं. मयताच्या घरात झाडू मारत नाहीत म्हणून शेंगांची टरफलं घोट्यापर्यंत आली होती. ओरांग पेटीजवळच्या खुर्चीत बसून असायची. डोळे कोरडे. काचेवर अश्रू पडला तर मेलेल्याची वाट जड होते असं आम्ही मानतो, म्हणून तिने रडायचंच नाही असं ठरवलं होतं. मी गेले की एवढंच विचारायची, “पोचला?” आणि दर वेळी मला नाही म्हणावं लागलं. पस्तीस वर्षं मी पोरांना नापास केलं, पण इतकं जड कधी गेलं नाही.

आठव्या दिवशी सेल्सा त्या घरातून बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली. टेबलावर ठेवला, त्यावर कागद चिकटवला, त्यावर मोठा एक आकडा लिहिला आणि फोटो काढला. मग दोन. मग तीन. एक नंबरचा फोटो जड ठेवला, दोनशे केबी. दुसरा शंभर. तिसरा चाळीस.

“डबा कशाला?” मी विचारलं.

“इस्कोला पाठवून सारखं हरवायचं नाहीये मला. डबा हरवला तर हरवला.”

नवव्या दिवशी सकाळी रेनांतेचं उत्तर आलं: “फक्त तीन नंबर आला. नांग सेल्सा, माझा बाप मेलाय आणि तुम्ही मला बिस्किटांचा डबा का पाठवताय?”

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. सेल्सा हसली नाही. तिने लगेच कचेरीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, मला साक्षीला ठेवायला.

“जिझेल, बाळा, हलका फोटो पोचतो. जड पोचत नाही. जहाजावर गाळतात.”

“हो ना, मॅम,” ती मुलगी म्हणाली. “पन्नास केबीच्या वरचे फोटो तिथे आपोआप काढून टाकतात. उपग्रह महाग असतो ना.”

सेल्साने पेन खाली ठेवलं.

“तुला हे माहीत होतं?”

“इथे टेबलावर काचेखाली लिहिलेलंच आहे, मॅम. मोठ्या अक्षरात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला फक्त गेला का तेवढंच सांगायला सांगितलंय, मॅम. तो गेला होता.”

सेल्सा उभी राहिली. मी तिला तारघरातल्या साहेबावर, दारुड्या दिरावर, वादळात वीज तोडणाऱ्यांवर चिडलेलं पाहिलं होतं. हे वेगळं होतं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

“तुझ्या काचेखाली कागद आहे. आमच्याकडे काचेखाली माणूस आहे, नऊ दिवस. त्याची बायको त्या काचेवर डोळ्यातलं पाणी पडू नये म्हणून मान वळवून बसलीय. आणि तू रोज मला गोड आवाजात सांगत होतीस, गेलंय, मॅम. तुझ्या टेबलावर होतं गं! वाचायला काय मान दुखत होती?”

“सॉरी, मॅम. नोट केलंय, मॅम.”

फोन बंद. मी सांगते, मला त्या मुलीचा राग येतो, पण तिच्या सरांचा जास्त येतो. शेकडो घरांची पोरं तुम्ही समुद्रावर नेता, त्यांच्या आयांनी फोटो पाठवायचा तर काय नियम, तो कागद तुम्ही टेबलाच्या काचेखाली आतल्या बाजूने तोंड करून ठेवता! दारावर लावायला चार खिळे मिळत नव्हते? किती आयांचे किती फोटो त्या आकाशात कोणी पुसून टाकले असतील, आणि त्यांना वाटलं असेल, पोराने बघितला. आत्ता लिहितानाही अक्षर बिघडतंय.

पण संतापून फोटो हलका होत नाही. सेल्साने बेचाळीस जणांचा फोटो पन्नास केबीत कोंबला आणि स्क्रीनवर मोठा केला. बेचाळीस ठिपके. मध्ये एक पांढरा चट्टा, कारण क्रिसांतोच्या फ्लॅशचा उजेड नेमका काचेवर, इस्कोच्या छातीवर पडला होता. बटण नाहीच.

आम्ही दोघी इस्कोच्या घरी गेलो. सेल्साने सगळ्यांसमोर सांगितलं, “फोटो नवा काढायचा. एकट्या इस्कोचा. बाकी कोणी नाही.”

एकच गलका झाला. क्रिसांतो पुढे आला. “म्हणजे काय, नांग? मी दुबईहून आलो ते काय पडद्यामागे उभं राहायला?”

आत्या म्हणाली, “रेनांतेला वाटेल बापाला एकट्याला टाकून सगळे पळाले.”

“आत्या, तुमच्या एकटीच्या चेहऱ्याला पाच केबी जातात,” सेल्सा म्हणाली. “मी काय करू?”

“माझ्या चेहऱ्यावर घसरू नकोस हं, सेल्सा!”

ओरांग उठली. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “सगळ्यांना फोटोतून बाहेर काढा. मलासुद्धा काढा. त्याला बाप बघायचाय.”

सगळे पेटीपासून बाजूला झाले. तरी चेहरे उतरलेच, आणि मला ते कळत होतं. दुःखात आलेल्या माणसाला मोजलं जायला हवं असतं. मी म्हटलं, “अरे, फोटोला वजन असतं, अक्षराला नसतं. मी पत्रात एकेकाचं नाव लिहिते. कोण कुठून आलं, सगळं. बोला, कोणापासून सुरू करू?” मग रांग लागली. क्रिसांतोने आपल्या नावापुढे ‘दुबईहून विमानाने’ असं मुद्दाम लिहून घेतलं. आत्याने नाव दोनदा तपासलं.

काच उचलायला औषधवाला तयार नव्हता. सेल्साने खिडक्या उघडायला लावल्या आणि क्रिसांतोला बजावलं, फ्लॅश लावलास तर कॅमेरा विहिरीत जाईल. तरी काचेत छताचं, माणसांचं प्रतिबिंब दिसत होतं. ओरांगने इस्कोच्या मशीनखालून सुटाच्या काळ्या कापडाचा उरलेला तुकडा काढला. तिने एक टोक धरलं, मी दुसरं धरलं आणि पेटीवर छतासारखं धरून उभ्या राहिलो. चट्टा गेला. इस्को स्वच्छ दिसायला लागला, झोपेत कोणीतरी मापं विचारल्यासारखा जरासा कपाळाला आठी घालून.

दुकानात परत आल्यावर खरी कसोटी. सेल्साने चेहरा आणि छाती एवढंच ठेवलं. सत्तर केबी. डावीकडची फुलं कापली. एकसष्ट. उजवीकडची मेणबत्ती कापली. छप्पन्न. मग चित्र बारीक केलं, सत्तेचाळीस.

“मॅम, बटण दिसतंय?”

“दिसतंय की.”

“तुला माहीत आहे म्हणून दिसतंय. नीट बघ.”

खरं होतं. पाच बटणं होती, पाचही सारखी. सेल्साने ते पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी चित्र बारीक न करता आणखी कापलं. उशी गेली. कान गेले. डोक्यावरचे केस गेले. प्रत्येक वेळी ती “माफ कर, इस्को” म्हणायची आणि कापायची. शेवटी उरलं भुवयांपासून हनुवटीपर्यंतचं तोंड, गळा आणि खाली तीन बटणं. एकोणपन्नास केबी. तिने शेजारच्या बेकरीतल्या बाईला हाक मारली, जिला बटणाचं काही माहीत नव्हतं, आणि विचारलं, “यात वेगळं काय दिसतंय?”

बाईने हाताचं पीठ झाडलं आणि वाकून पाहिलं. “अगं बाई, इस्को! हे खालचं बटण दुसरंच लावलंय की. शिंप्याला असं पाठवतात का?”

सेल्साने त्याच क्षणी पाठवलं. सोबत माझी बेचाळीस नावं.

अकराव्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. सेल्साने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि प्रिंट काढला नाही. खालच्या खणातून तारघराच्या पावत्यांचा पिवळा पडलेला गठ्ठा काढला, एका कोऱ्या पावतीवर हाताने मजकूर उतरवला आणि मला म्हणाली, “चल.” सायकल आता तिच्याकडे नाही, आम्ही चालत गेलो.

ओरांग पेटीजवळच होती. सेल्साने पावती तिच्या हातात दिली. ओरांगला जाडं अक्षर वाचता येतं. तिने ओठ हलवत वाचलं:

“ताताय दिसला. तिसरं बटण दिसलं. आता जाऊ द्या त्याला, नानाय. मी आहे त्याच्याबरोबर.”

“सही कर,” सेल्सा म्हणाली. “पोचलं म्हणून.”

ओरांगने पेन घेतलं, खाली रेघेवर आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं आणि पावती परत दिली. मग ती खुर्चीतून उठली, काचेपासून तीन पावलं मागे सरली, आणि तिथे उभी राहून रडली.